स्फटिकाचा आकार ठरवतो कोण : समतोल की वाढ?

तुरटीकर (धागाकर्ता)

गेले अडीच महिने मी तुरटीचे स्फटिक वाढवत आहे. एकाच बरणीत, एकाच द्रावणात दोन स्फटिक ठेवले होते. एक बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून मध्यभागी लोंबकळत ठेवला आणि दुसरा तळाशी पडू दिला. लोंबकळणारा स्फटिक जवळजवळ आदर्श अष्टफलक झाला असून त्याची सहा टोके तेवढी धारदार सुरीने छाटल्यासारखी दिसतात. तळाशी पडलेला मात्र पसरट झाला आहे. वरून पाहिले तर तो षट्कोनी फरशीसारखा दिसतो आणि त्याची जाडी रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नाही.

मध्यंतरी असे वाचनात आले की ठरावीक घनफळाचा स्फटिक आपली एकूण पृष्ठऊर्जा, म्हणजे पृष्ठभाग तयार होण्यास लागणारी ऊर्जा, किमान राहील असाच आकार घेतो, आणि तो आकार कागदावर काढण्याची रीत वुल्फ यांनी १९०१ मध्ये दिली. तसे असेल तर पदार्थ एक, द्रावण एक, तापमान एक असताना माझ्याकडे दोन आकार कसे आले? या दोहोंपैकी समतोलाचा आकार कोणता, आणि जो समतोलाचा नाही तो इतके दिवस तसाच टिकून कसा आहे?

जुनाखडू

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. द्रवाच्या थेंबाचा पृष्ठताण सर्व दिशांना सारखा असतो, त्यामुळे किमान ऊर्जेचा आकार म्हणजे किमान क्षेत्रफळाचा आकार, अर्थात गोल. स्फटिकात अणूंची रचना दिशेनुसार बदलते, म्हणून कोणत्या दिशेने काप घेतला यावर पृष्ठऊर्जा अवलंबून असते. मग क्षेत्रफळ थोडे वाढले तरी चालेल, पण स्वस्त फलक जास्त आणि महाग फलक कमी असावेत, असा हिशेब सुरू होतो. हा विचार गिब्ज यांनी १८७०च्या दशकात मांडला आणि १८८५ मध्ये पियेर क्युरी यांनी स्वतंत्रपणे मांडला.

वुल्फ यांची रीत अशी आहे. एका बिंदूपासून प्रत्येक दिशेला, त्या दिशेच्या फलकाच्या पृष्ठऊर्जेच्या प्रमाणात अंतर मोजा आणि तेथे त्या दिशेला लंब असे प्रतल उभे करा. सर्व प्रतलांनी मिळून आतमध्ये जी जागा कोंडली जाईल, तो समतोलाचा आकार. ज्या फलकाची ऊर्जा कमी, तो केंद्राजवळ येतो आणि मोठा होतो. ज्याची ऊर्जा फार जास्त, त्याचे प्रतल इतके दूर पडते की ते आकाराला शिवतही नाही.

तुमच्या छाटलेल्या टोकांचे गणितही यातून निघते. अष्टफलकाच्या फलकाचे केंद्रापासूनचे अंतर १ धरले, तर त्याचे टोक १.७३ वर, म्हणजे तीनच्या वर्गमुळाइतक्या अंतरावर येते. घनाच्या फलकाची ऊर्जा अष्टफलकाच्या फलकाच्या १.७३ पटीहून कमी असेल, तर घनाचे प्रतल टोकाच्या अलीकडे पडते आणि टोक छाटले जाते. मात्र तुमच्या स्फटिकाची टोके याच कारणाने छाटली गेली आहेत, असे मी म्हणणार नाही. त्याबद्दल पुढे कोणीतरी लिहीलच.

एकओळी

तळाशी स्वस्थ पडून राहिले की आकार पसरट होतो, हा अनुभव केवळ तुरटीचा नाही.

धातुकी

जुनाखडू यांनी सोडलेला धागा पुढे नेतो. वुल्फचा आकार हे अंतिम मुक्कामाचे वर्णन आहे, तेथे पोहोचायला किती वेळ लागतो याचे नाही. तापलेल्या घन पदार्थात अणू पृष्ठभागावरून सरकत जाऊन आकार सुधारतात. या मार्गाने आकार बदलण्यास लागणारा वेळ आकारमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. एखाद्या पदार्थाच्या एक मायक्रॉन कणाला समतोलाचा आकार घेण्यास एक तास लागत असेल, तर त्याच तापमानाला एक मिलिमीटरच्या तुकड्याला दहाचा बारावा घात इतके तास लागतील, म्हणजे अकरा कोटी वर्षांहून अधिक. द्रावणातून देवाणघेवाण होत असेल तर घात चारऐवजी तीन येतो. तरीही तासाची लाखभर वर्षे होतात. तुरटीकर यांनी अडीच महिने दिले आहेत.

दुसरी गोष्ट प्रेरणेची. आकार सुधारण्यामागचा ऊर्जेतील फरक मिलिमीटर आकाराच्या स्फटिकात इतका क्षुल्लक असतो की द्रावणाच्या संपृक्ततेच्या भाषेत तो टक्क्याच्या शंभराव्या भागापर्यंतही पोहोचत नाही. बरणीतल्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन द्रावण याच्या कितीतरी पट अतिसंपृक्त झालेले असते, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त तुरटी विरघळलेली असते. कुजबुज आणि ढोल एकाच वेळी चालू असतील तर ऐकू काय येणार, हे सांगायला नको.

तुरटीकर

म्हणजे वुल्फ यांची रीत कागदापुरतीच आहे असे समजायचे का? प्रत्यक्ष समतोलाचा स्फटिक कोणी पाहिला तरी आहे का?

धातुकी

पाहिला आहे. ग्रॅफाइटवर शिशाचे काही मायक्रॉन आकाराचे कण ठेवून ते शिशाच्या वितळणबिंदूच्या, म्हणजे ३२७ अंश सेल्सियसच्या, खाली पण पुरेसे तापवून ठेवले, की त्यांना समतोलाचा आकार येतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो. त्यात सपाट पैलू आणि त्यांना जोडणारे वक्र भाग असे दोन्ही दिसतात. तापमान वाढवत नेले की पैलू आक्रसतात आणि वक्र भाग पसरतो. स्फटिक म्हटला की तो सर्वांगाने सपाट फलकांचाच असणार, हा आपला समज खनिजांच्या नमुन्यांवरून झालेला आहे.

मोठ्या तुकड्यांतही समतोलाची खूण दिसते, पण ती स्थानिक असते. समतोलाच्या आकारात ज्या दिशेला जागाच नाही अशा दिशेने धातूचा काप घेऊन, तो गुळगुळीत करून बराच वेळ तापवला, तर गुळगुळीत पृष्ठभाग आपोआप बारीक डोंगर-दऱ्यांत मोडतो. एकूण क्षेत्रफळ वाढते, तरी ऊर्जा कमी होते, कारण प्रत्येक उतार स्वस्त फलकाचा असतो. हेरिंग यांनी १९५१ मध्ये याची मीमांसा केली. भट्टीतून काढलेला आरशासारखा नमुना खरखरीत झालेला पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी तो बिघडला असे समजून फेकून दिला होता.

शीतगृह

मोठा आणि तरीही समतोलाचा स्फटिक पाहायचा असेल तर हीलियमकडे जावे लागेल. निरपेक्ष शून्याजवळ हीलियम साध्या दाबाखाली द्रवच राहतो; सुमारे २५ वातावरण दाब दिला की तो गोठतो. भोवतीचा द्रव अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणारा, असल्यामुळे अणूंची ने-आण जवळजवळ विनाअडथळा होते आणि उष्णताही साचून राहत नाही. त्यामुळे कित्येक मिलिमीटरचा स्फटिकसुद्धा चटकन समतोलाचा आकार घेतो. साधारण १.३ केल्विनच्या वर तो थेंबासारखा गोलसर असतो, त्याखाली त्यावर पहिला पैलू उमटतो आणि आणखी थंड करत गेले की आणखी पैलू येतात.

याहून नवल म्हणजे या स्फटिकाच्या पृष्ठभागावर लाटा उठतात. लाटेच्या माथ्याशी द्रव गोठतो, तळाशी स्फटिक वितळतो आणि लाट पुढे सरकते. आंद्रेयेव आणि पार्शिन यांनी १९७८ मध्ये हे भाकीत केले आणि पुढच्याच वर्षी या लाटा प्रयोगात दिसल्या. घन पदार्थाच्या पृष्ठभागाने पाण्यासारखे हिंदकळावे, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो होतो.

शंकेखोर

मला हे पटलेले नाही. मिठाचा स्फटिक कोठेही, कोणीही, घाईने वा सावकाश वाढवला तरी तो घनच निघतो. आकार जर वाढीच्या परिस्थितीवर अवलंबून असता, तर दर वेळी वेगळा निघायला हवा होता. इतकी एकवाक्यता केवळ समतोलातूनच येऊ शकते. आपण सर्व जण वेळेचा बाऊ करत आहात, असे नम्रपणे नमूद करतो.

जुनाखडू

शंकेखोर, आपली शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. वाढीलाही स्वतःचा नियम असतो आणि तोही दर वेळी तोच असतो.

एक चौकोन काढा आणि त्याचा एक कोपरा तिरका छाटा. आता चारही बाजू सावकाश आणि ती तिरकी बाजू वेगाने बाहेर सरकते अशी कल्पना करा. कागदावर तीन-चार वेळा रेघा ओढल्या की दिसेल, तिरकी बाजू जसजशी पुढे जाते तसतशी ती आखूड होत जाते आणि शेवटी कोपऱ्यात विरून जाते. जो फलक वेगाने वाढतो तो नाहीसा होतो आणि जो रेंगाळतो तो उरतो. आकारावर नाव आळशांचे लागते. वुल्फच्या रचनेत पृष्ठऊर्जेच्या जागी वाढीचा वेग घातला की हाच वाढीचा आकार मिळतो. गंमत अशी की ज्या फलकात अणू दाटीने बसलेले असतात त्याची ऊर्जाही कमी आणि वाढीचा वेगही कमी, कारण अशा गुळगुळीत फलकावर नव्याने येणाऱ्या अणूला टेकायला पायरी सापडत नाही. म्हणून दोन्ही हिशेबांतून मिठाचा घनच निघतो, आणि उत्तर जुळले म्हणून रीतही तीच असेल असा आपला समज होतो.

दोन्ही वाटा वेगळ्या आहेत हे परिस्थिती बदलल्यावर कळते. मिठाच्या द्रावणात युरिया मिसळला की घनाऐवजी अष्टफलक मिळतात. रोमे द लील यांनी १७८३ मध्येच हे नोंदवले होते. युरियाच्या जागी त्यांनी जे वापरले ते मूत्र होते.

एकओळी

प्रयोगशाळेत सहाय्यक का टिकत नसत, याचा उलगडा झाला.

शंकेखोर

सहाय्यकांचे राहू द्या. युरिया फलकाला चिकटून त्याची ऊर्जाही कमी करू शकतो, म्हणजे हे उदाहरण माझ्याही बाजूने देता येते. आपण ते केवळ वाढीच्या खात्यात जमा केले आहे.

जुनाखडू

मान्य. चिकटणारा रेणू ऊर्जा आणि वेग दोन्ही बदलतो, त्यामुळे हे उदाहरण मी पुरावा म्हणून मागे घेतो. तळाशी पडलेला तुरटीचा स्फटिक मात्र आपल्या बाजूने देता येणार नाही, एवढे लक्षात असू द्या.

फेसाळ

मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सगळ्यांनी वगळला आहे. जो आकार समतोलाचा नाही तो टिकतो कसा? यासाठी स्फटिकांपेक्षा साबणाचा पडदा सोयीचा आहे, कारण तो क्षणात समतोल साधतो आणि सगळे डोळ्यांसमोर घडते.

तारेची पाच सेंटिमीटर त्रिज्येची दोन कडी घ्या, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि समोरासमोर धरून हळूहळू दूर न्या. मध्ये डमरूसारखा कमरेत बारीक झालेला पडदा तयार होतो. अंतर साधारण ५.३ सेंटिमीटर होईपर्यंत या डमरूचे क्षेत्रफळ दोन स्वतंत्र चकत्यांपेक्षा कमी असते, म्हणजे तोच सर्वांत स्वस्त आकार. त्यापुढे चकत्या अधिक स्वस्त ठरतात, पण डमरू मोडत नाही! चकत्यांपर्यंत जायचे तर कंबर आवळावी लागते आणि तसे करताना क्षेत्रफळ आधी वाढते. मधली चढण ओलांडण्याइतका धक्का बसेपर्यंत पडदा तेथेच राहतो. याला मितस्थायी अवस्था म्हणतात. अंतर ६.६ सेंटिमीटरच्या पुढे गेले की चढणच उरत नाही. कंबर एकदम आवळली जाते आणि प्रत्येक कड्यात एकेक चकती उरते. मी हा प्रयोग वर्गात कितीतरी वेळा केला आहे. मुलांना चकत्यांपेक्षा त्यापूर्वीचा तो थरथरणारा क्षण अधिक आवडतो.

म्हणून ‘समतोल’, ‘स्थायी’ आणि ‘किमान ऊर्जा’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. साध्या तापमानाला व दाबाला हिऱ्यापेक्षा ग्रॅफाइटची ऊर्जा कमी असते, तरी हिरे काळे पडत नाहीत. पांढरे कथिल मात्र १३.२ अंशांखाली ठेवले तर सावकाश करड्या भुकटीत बदलू शकते, कारण तेथली चढण ओलांडता येण्याजोगी असते.

आकाशगामी

फेसाळ यांनी केलेली फोड फिरत्या द्रवगोलांच्या बाबतीत आणखी सूक्ष्म होते. स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेला, एकसारख्या घनतेचा द्रवगोल फिरू लागला की ध्रुवांशी चपटा होतो. मॅक्लॉरिन यांनी १७४२ मध्ये हे चपटे आकार समतोलाचे असल्याचे दाखवले. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, वाढवत नेला आणि ध्रुवीय अक्ष विषुववृत्तीय अक्षाच्या ०.५८ पट झाला, की तेथून दुसरी शाखा फुटते. याकोबी यांना १८३४ मध्ये सापडलेला, तिन्ही अक्ष असमान असलेला लांबट आकार आता तेवढ्याच संवेगात कमी ऊर्जेचा ठरतो.

पण द्रवात घर्षण अजिबात नसेल, तर चपटा आकार तेथे मोडत नाही. जास्तीची ऊर्जा टाकायला जागाच नसते, म्हणून तो अक्षांचे गुणोत्तर ०.३० होईपर्यंत तग धरतो. किंचित चिकटपणा असेल तर मात्र तो सावकाश याकोबीच्या आकाराकडे सरकतो. एरवी घर्षण गोष्टी स्थिर करते अशी आपली समजूत असते. येथे तेच अस्थैर्याची वाट उघडते. नेपच्यूनपलीकडचा हौमेया हा बटुग्रह सुमारे ३.९ तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि तिन्ही अक्षांनी असमान आहे. अर्थात तो एकसारख्या घनतेचा द्रव नाही, त्यामुळे याकोबीचे सूत्र त्याला जसेच्या तसे लावू नये.

शंकेखोर

विषय निघालाच आहे तर गोंबोत्सचाही उल्लेख व्हावा. दोमोकोश आणि वारकोनी यांनी २००६ मध्ये एकसंध घनतेची अशी बहिर्वक्र वस्तू तयार केली, जिला सपाट जागेवर एकच स्थायी आणि एकच अस्थायी समतोलबिंदू आहे. कशीही ठेवा, डोलत डोलत ती त्याच एका स्थितीत येते. माझे मतही तसेच असावे असे वाटत होते, परंतु फेसाळ यांच्या कड्यांनी ते हलवले आहे. किमान ऊर्जा ही दिशा आहे, पोहोचल्याची पावती नव्हे, इतके मान्य करतो.

धातुकी

शंकेखोर इतके मान्य करत असतील तर त्यांच्या बाजूचे एक उदाहरण मीच देतो. सोन्याच्या काही नॅनोमीटर कणांत आकारमान इतके लहान असते की पृष्ठऊर्जेचा शब्द खरोखर चालतो, आणि तेव्हा ती चक्क स्फटिकाची शिस्त मोडायला लावते. पाच चतुष्फलक एका कडेभोवती जुळवून ठेवले तर प्रत्येकी ७०.५३ अंशांनी ३५२.६५ अंश भरतात, ७.३५ अंशांची फट राहते. लहान कण ही फट ताण सोसून बुजवतो, कारण बदल्यात त्याला सगळीकडे सर्वांत स्वस्त फलक मिळतात. ताणाची किंमत घनफळाबरोबर वाढते आणि पृष्ठाची बचत क्षेत्रफळाबरोबर, म्हणून कण मोठा झाला की हा सौदा तोट्यात जातो. पंचकोनी सममिती स्फटिकाच्या जाळीत बसत नाही हे खरे, पण असे कण सूक्ष्मदर्शकाखाली सर्रास दिसतात.

हिमरेषा

समतोलापासून सर्वांत दूर गेलेला आकार अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते. बर्फाचा समतोलाचा आकार साधा षट्कोनी लोलक आहे, पण हिमकणाला सहा फांद्या आणि प्रत्येक फांदीला उपफांद्या फुटतात. वाढत्या फलकावर चुकून एक उंचवटा आला की त्याचे टोक अधिक बाष्प असलेल्या हवेत शिरते, म्हणून ते शेजाऱ्यांपेक्षा वेगाने वाढते आणि आणखी पुढे शिरते. पृष्ठऊर्जा फक्त अगदी बारीक उंचवटे दाबू शकते. मोठे तिच्या हाताबाहेर जातात. मलिन्स आणि सेकेर्का यांनी १९६३ मध्ये या अस्थैर्याचे गणित मांडले. नाकाया यांनी प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण १९३६ मध्येच वाढवला होता आणि तापमान व आर्द्रता बदलली की पट्टी, सुई, चांदणी असे आकार कसे बदलतात ते दाखवले होते.

तुरटीकर यांचा स्फटिक इतका सावकाश वाढला की फांद्या फुटल्या नाहीत. सावकाश वाढ म्हणजे समतोल नव्हे, हे मात्र धातुकींच्या हिशेबावरून स्पष्ट आहे. मेक्सिकोतील नायका खाणीत २००० साली सापडलेले जिप्समचे स्फटिक ५८ अंशांच्या आसपास, कल्पनेपलीकडे मंद गतीने वाढले, आणि तरीही अकरा मीटर लांबीचे खांब झाले. किमान क्षेत्रफळाचा विचार करणारे कोणीही खांब निवडणार नाही.

तुरटीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वाचता वाचता दोन गोष्टी करून पाहिल्या, त्या नोंदवतो.

पहिली म्हणजे पसरट स्फटिक बाहेर काढून त्याचे कोन मोजले. जाड पुठ्ठ्यावर कोनमापक चिकटवून दोन पट्ट्यांचे साधन केले. शेजारच्या दोन मोठ्या फलकांमधला कोन पाच ठिकाणी मोजला आणि प्रत्येक वेळी १०९ ते ११० अंशांच्या मध्येच आला. लोंबकळणाऱ्या स्फटिकातही तोच. फलक लहानमोठे झाले, त्यांचे परस्परांशी असलेले कोन मात्र तसूभरही बदलले नाहीत. स्टेनो यांनी १६६९ मध्ये क्वार्ट्झबद्दल हेच लिहिले होते, असे नंतर कळले. तळाला टेकलेल्या फलकाला ताजे द्रावण मिळाले नाही आणि कडेच्या फलकांना ते मिळत राहिले, एवढेच कारण असावे. म्हणून मी तो उलटा करून पुन्हा ठेवला आहे.

फेसाळ

सैद्धांतिक किंमत १०९.४७ अंश. साबणाच्या फेसात चार कडा एका बिंदूत मिळतात तेथेही नेमका हाच कोन असतो. दुसरी गोष्ट कोणती, ते सांगायचे राहिले.

तुरटीकर (धागाकर्ता)

दुसरी अशी. जुनाखडू यांनी वेगवान फलक विरून जातात असे लिहिले, ते डोळ्यांनी पाहावे म्हणून एक जुना स्फटिक ओल्या कापडावर फिरवून फिरवून चांगला गोल केला, गोटीएवढा, आणि दोऱ्याने द्रावणात सोडला. दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे खडबडीत होता आणि मी निराश झालो. तिसऱ्या दिवशी बॅटरीच्या प्रकाशात फिरवून पाहिला, तेव्हा आठ मोठे चकचकीत ठिपके, सहा लहान ठिपके आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या बारा अरुंद पट्ट्या स्पष्ट मोजता आल्या. आज सातवा दिवस आहे. आठ ठिपके एकमेकांना भिडले आहेत, सहा अजून आहेत पण लहान झाले आहेत, आणि बारा पट्ट्यांपैकी तीनच शोधून सापडतात.

जुनाखडू

त्या तीनही जातील. सहांचे काय होते ते दर दोन दिवसांनी मोजून येथे लिहावे. टोके छाटणारे फलक तेच आहेत.